ट्रॅक्टर वहिनींचा, मशीन गटाचं

सीताफळाची छाटणी झाली की बांधावर फांद्या साचतात. कुणी मुद्दाम रचत नाही. आज हा चार टाकतो, उद्या तो चार टाकतो, आणि पंधरवड्यानं बघावं तर ढीग डोक्याच्या वर गेलेला. किस्सेही असेच साचतात. आमच्या शेतकरी गटाचे तर इतके साचलेत, की पेटवून द्यावेत असं वाटतं. पण ओल्या फांद्या पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. म्हणून म्हटलं, लिहून टाकू.

यंदाचे सगळे किस्से एकाच मशीनचे. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, तोंडात फांदी सारायची. आतली पाती तिचा बारीक चुरा करतात आणि तो वरच्या नळीतून भसाभसा बाहेर पडतो. कंपनी त्याला चिपर म्हणते. आमच्या नांदूरघाटला सगळे मोठी कुट्टी म्हणतात, कारण वैरणीची छोटी कुट्टी घरोघर आहे. दिंद्रुडला कुणाकडं तरी असं जुनं मशीन विकायला आहे, अशी खबर आली. घ्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं!

अडचण एकच. हे मशीन लहान ट्रॅक्टरला झेपत नाही, आणि गटात मोठा ट्रॅक्टर एकच, आमचा. म्हणजे ह्यांचा. हे पौषात गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या भरून आणेपर्यंत खुर्चीत मान टाकलेली होती. गटाचे सचिव तेच होते. त्यांच्या जागी आता माझं नाव लावलंय. मी हायस्कूलला मराठी शिकवते; नाव लावणं आणि जागा देणं यांतला फरक मला कळतो.

तर ऐका.

*

आबा आमच्या गटाचे अध्यक्ष. माजी सरपंच. आवाज असा की सांत्वनाला आले तरी सभा वाटावी.

तेराव्याच्या दिवशी आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. बराच वेळ मान खाली. मग मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "लई वाईट झालं वहिनी. असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई."

मी मान हलवली.

आबांची नजर माझ्या खांद्यावरून अंगणात गेली. तिथंच थांबली. "उभा ठिवू नका पण."

मला काही कळेना. "काय?"

"ट्रॅक्टर. नुसता उभा ठिवला की बॅटरी उतरती."

त्या दिवशी सगळं गाव येऊन गेलं. मी दोन घास खाल्ले का, हे पुष्कळांनी विचारलं. बॅटरीची चौकशी फक्त अध्यक्षांनी केली!

*

गटाची बैठक आमच्या ओसरीवर भरते. हे होते तेव्हापासूनची पद्धत. त्यामुळे बैठकीला मी सचिव म्हणूनही असते आणि चहा करणारी म्हणूनही. सचिवाची खुर्ची बहुतेक रिकामी असते, कारण सचिव स्वयंपाकघरात असतो.

पहिल्या बैठकीला सगळे आले. आबा, खताच्या दुकानाचे अप्पा, हातातला मोबाइल कधीच खाली न ठेवणारा बब्रुवान, आणि माझे धाकटे दीर, राजू भाऊजी. भाऊजी स्वभावानं गरीब आहेत. आबांसमोर जास्तच गरीब होतात.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आबा विचारत होते, "ट्रॅक्टरचं पक्कं समजायचं ना? वहिनीचं काय मत हाय?"

हा प्रश्न त्यांनी भाऊजींना विचारला. मी दोघांच्या मधे उभी होते. माझ्या हातातल्या ट्रेतून आबांनी कपही उचलला होता!

भाऊजी म्हणाले, "वहिनीचं काई न्हाई. तिचं काय असणारे?"

"मग झालं," आबा म्हणाले. "लिवून घ्या, ट्रॅक्टर मिळाला."

अप्पांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, चहात साखर न्हाई वाटतं?"

मी म्हटलं, "भाऊजींना विचारा. त्यांना माझं सगळं माहीत असतं."

*

दुसऱ्या बैठकीला बब्रुवाननं सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला. अख्खं झाड, बुंध्यासकट, मशीनच्या तोंडात जातंय आणि पलीकडून भुशाचा फवारा उडतोय. सगळे मोबाइलवर वाकले.

"बघा बघा! हे सुबाभळीएवढं हाय!"

"पाती कशाची आसतील बे?"

"आता हे बघा आबा, ट्रॅक्टरवर कोण हाय!"

ट्रॅक्टरवर एक बाई होती. डोक्यावर हेल्मेट, कानावर आवाज अडवणारी टोपणं, गालाला काळं लागलेलं. वयानं माझ्याएवढी असेल. ती हसत होती.

आबांनी चष्मा लावला, पुन्हा बघितलं, चष्मा काढला.

"तिकडल्या बाया येगळ्या," ते म्हणाले.

"तिचा नवरा मागं असंल की, फांद्या घालायला," अप्पा म्हणाले.

बब्रुवाननं तो व्हिडिओ तीन वेळा पुढं-मागं केला. नवरा कुठंच दिसेना! शेवटी आबांनीच निकाल दिला, "बंद कर बे. असल्यानं घरच्या बायांच्या डोक्यात भलतंच शिरतं."

*

मशीन अजून बघितलंही नव्हतं. त्याच्या पाळ्या मात्र लागल्या!

पहिली पाळी आबांच्या बागेला, कारण मान अध्यक्षाचा. यावर कुणी बोललं नाही. भांडण दुसऱ्या पाळीवरून झालं.

"दुसरी माझी," अप्पा म्हणाले. "माझी बाग जुनी हाय."

"कावून? माझ्याकडं फांद्या जास्त हायत," बब्रुवान म्हणाला.

"तुझ्याकडं फांद्या जास्त हायत कारण तू दोन वर्षं छाटल्याच न्हाईत, बे!"

तास गेला. मग तडजोड झाली. अप्पांचं अर्धं, मग बब्रुवानचं अर्धं, मग पुन्हा अप्पांचं. न आलेल्या मशीनची चाकं बांधाबांधानं फिरून दमली असतील.

मी विचारलं, "आणि माझी बाग?"

सगळ्यांनी असं बघितलं, जसं कुणी लग्नात तेराव्याचा विषय काढला.

"तुमचं शेवटी करू की वहिनी," आबा मायेनं म्हणाले. "तुमी घरच्याच."

"आबा, तोपर्यंत पाऊस लागेल. ट्रॅक्टर माझा, आणि पाळी माझी शेवटी?"

"ट्रॅक्टर तुमच्याच दारात उभा ऱ्हानार हाय की! मग तुमाला घाई कशाची?"

*

ट्रॅक्टरची चावी माझ्या पर्समध्ये असते. शाळेतही बरोबर नेते. भाऊजी आठवड्यातून एकदा तरी चावी मागायला येतात. कधी बॅटरीसाठी, कधी ऑइल बघायला. एकदा म्हणाले, "उंदरं वायर खातेत वहिनी, जरा आवाज केला की पळतेत." मी म्हटलं, आवाज मी करते.

ट्रॅक्टर मला येतो. ह्यांनीच शिकवला. ट्रॅक्टर शिकवताना नवरा जेवढा ओरडतो, तेवढं जगात कुणी कुणावर ओरडत नसेल. "क्लच! क्लच! अगं बाई, तो ब्रेक हाय!" माझी रडकुंडीला आलेली अवस्था बघून शेवटी स्वतःच हसायला लागायचे.

तर शाळेत जायच्या आधी मी वर चढले. सीट पार मागं सरकवलेली होती. ह्यांचे पाय लांब. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. खटका ओढला की सीट पुढं येते, ते मला माहीत आहे. मी घरातून उशी आणली आणि पाठीशी घेतली.

किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला चालू झाला! बॅटरी ठणठणीत होती.

शेजारच्या गंगूमावशी डोळ्यांनी अधू आहेत आणि आता त्यांना कालचं आजचं काही लक्षात राहत नाही. भिंतीपलीकडून त्यांची हाक आली.

"सुधाकर, आला का रं? ये, दूध तापिवलंय."

मी इंजिन बंद केलं. तशीच बसून राहिले.

थोड्या वेळानं मावशी सुनेला म्हणाल्या, "गेला वाटतं."

*

मशीन आलं तर पूजा लागणार. नव्या वस्तूला आमच्याकडं नारळ फोडतात, हळदी-कुंकू वाहतात. मग ती वस्तू जुनी असली तरी घरात नवी. ट्रॅक्टरला जोडून पूजा करायची, जोडप्यानं बसायचं, असं ठरलं.

कोणत्या जोडप्यानं, हे माझ्यासमोर बोलायचं कसं, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. शेवटी अप्पांनी घसा खाकरला. "आमाला तसलं काई वाटत न्हाई, वहिनी. पण लोक बोलतेत. तवा पूजेला राजू आन् त्याची मंडळी बसू द्या. तुमी आपलं घरातून बघा."

"घरातून?"

"म्हणजे, ओसरीवरून बघितलं तरी चालंल."

जाऊबाई तिथंच होत्या. बिचाऱ्या लालेलाल झाल्या. म्हणाल्या, "मी न्हाई बसणार. ट्रॅक्टर ताईंचा हाय." भाऊजींनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या आत निघून गेल्या.

आबा समजूत घालायला पुढं आले. "शुभाशुभ बघावं लागतं वहिनी. पात्याचं मशीन हाय. काई इपरीत नको व्हायला."

मी म्हटलं, "बरोबर आहे. मग डिझेलही सवाष्णच भरेल ना, दर वेळी?"

त्यावर बैठक संपली.

*

आता दिंद्रुडचं सांगते.

आबांचं म्हणणं होतं की मी येऊ नये. "उन्हाचं कशाला, वहिनी? तुमाला मशीनमधलं काय कळणार?" मी म्हटलं, मशीनमधलं तुम्ही बघा, मी ट्रॅक्टरला काय जोडायचं ते बघते. चैत्राचं ऊन, अप्पांची जीप. मला मानानं पुढं बसवलं, म्हणजे मागं त्यांना मोकळेपणानं बोलता यावं.

मशीनचे मालक माणिकराव. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. अंगणात बाजेवर बसले होते. एवढ्या उकाड्यात उजव्या खांद्यावरून जाडजूड टॉवेल खाली सोडलेला, हात त्याच्या आत. त्यांनी डाव्या हातानंच राम राम केला. डाव्या हातानंच बाज झटकली.

जुनी वस्तू बघायला गेलं की आमच्याकडं एक रीत आहे. का विकता, हे विचारायचं नाही. पाऊसपाणी विचारायचं, पोरीबाळींची लग्नं विचारायची, चहा घ्यायचा. कारण असेल ते हळूहळू आपोआप कळतं म्हणतात. सगळ्यांनी रीत पाळली. मग उठून मशीनला भिडले.

बैल बघावा तसं बघितलं! अप्पांनी पात्यांवर नख फिरवलं. बब्रुवाननं खाली आडवं होऊन फोटो काढले. भाऊजींनी चाकाला लाथ मारली, कारण काहीतरी करणं भाग होतं. आबा भोवती दोनदा फिरले. मशीनच्या मालकाकडं मात्र कुणी पुन्हा बघितलं नाही.

"आबा, समदं जुनं हाय, पण तोंडावरची जाळी बघा," बब्रुवान खुश होऊन ओरडला. "नवीकोरी!"

"हां," माणिकराव बाजेवरून म्हणाले. "ती नंतर बसवली."

कशाच्या नंतर, हे कुणी विचारलं नाही.

मी पाणी प्यायला आत गेले. माणिकरावांच्या बायको चुलीपुढं भाकरी थापत होत्या. तांब्या पुढं केला, माझ्या मोकळ्या कपाळाकडं एकदा बघितलं.

"ट्रॅक्टर कुणाचा हाय?"

"माझा."

"त्येच्यावर कोण बसणार?"

"मीच बसेन म्हणते."

त्यांचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच. "मग मागं बघत ऱ्हावा, बाई. ट्रॅक्टरवर माणूस पुढंच बघतं. आन् मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत न्हाई."

मी तांब्या खाली ठेवला.

"मी पुढं बघत व्हते," त्या म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.

बाहेर आले तेव्हा भाव ठरवायची वेळ झाली होती. आबा मूळचे जनावरांच्या बाजारातले. तिथं बैलाचा भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा उजवा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं की अमुक, तीन धरली की तमुक. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी भाव त्या दोघांतच राहतो. आबा अजूनही प्रत्येक व्यवहार तसाच करतात.

मी म्हटलं, "आबा, भाव सगळ्यांसमोर बोला. वर्गणी मीही दिलीय."

"रुमालातलं बायांना कळत न्हाई, वहिनी," आबा म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल झटकला. "चला माणिकराव, आणा हात."

माणिकराव जागचे हलले नाहीत. "तोंडीच करू की, आबा."

"रीत ती रीत."

"बरं." त्यांनी डावा हात पुढं केला. "ह्यो चालंल का?"

"डाव्या हातानं कुठं सौदा व्हतो का? शुभ काम हाय. उजवा आणा!"

माणिकरावांनी क्षणभर घराच्या दाराकडं बघितलं. मग खांद्यावरच्या टॉवेलातून उजवा हात काढून पुढं केला. आबांनी घाईनं वर रुमाल टाकला आणि आपला हात आत घातला.

सौदा करताना आबांचा चेहरा बघण्यासारखा असतो. भुवया नाचतात, ओठ मुडपतात, मधेच नकारार्थी मान हलते. या वेळी काहीच हललं नाही. रुमालाखाली त्यांचा हात थोडा चाचपडला, थांबला, पुन्हा चाचपडला. तोंडावरचा रंग उतरत गेला.

"किती म्हणतेत?" बब्रुवान मागून कुजबुजला. "आबा, किती?"

माणिकराव शांतपणे म्हणाले, "धरा की आबा. जेवढी हायत तेवढ्यावर भाव करू."

अप्पा जमिनीकडं बघू लागले. भाऊजी जीपकडं बघू लागले. दारात माणिकरावांच्या बायको येऊन उभ्या होत्या, पीठ लागलेल्या हातांनी.

आबांनी मान वळवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी थेट माझ्याकडं बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज सभेचा नव्हता. "तुमचं काय मत हाय?"

मी म्हटलं, "मशीन चांगलं आहे, आबा. घेऊ या. ट्रॅक्टरवर मी बसते. फांद्या तुम्ही घाला."

आबांनी रुमालाखालून हात काढला. उलटा केला, सुलटा केला, आणि पाचही बोटं एकदा नीट बघून घेतली.